झुंगारांना भाऊबंदकीने मारलं नाही

गेल्या हिवाळ्यात एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मध्य आशियाच्या इतिहासावर व्याख्यान होतं. कझाक आणि झुंगार या दोन भटक्या राज्यांत सतराव्या-अठराव्या शतकात जे दीर्घ युद्ध चाललं, ते वक्त्यांनी नकाशे लावून, मोठ्या तयारीने मांडलं. प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि पहिल्याच श्रोत्याने निकाल देऊन टाकला: ‘‘म्हणजे आपसात भांडले आणि संपले. आपल्याकडे तरी वेगळं काय झालं?’’ सभागृहाने माना डोलावल्या. दुसरे एक गृहस्थ उठून म्हणाले, भाऊबंदकी वगैरे काही नाही, मुळात त्या लुटारू टोळ्याच, त्यांना राज्य म्हणणंच चूक. मग या दोघांत जुंपली आणि उरलेला अर्धा तास पानिपतावर गेला. मी घरी आले ती अस्वस्थ होऊन. वाद दोन बाजूंनी चालला होता खरा, पण एक गोष्ट दोघांनीही न तपासता धरून चालली होती: गवताळ प्रदेशातली ही माणसं स्वतःच्याच दोषाने नष्ट झाली.

मला हे मान्य नाही. पूर्वेकडून चीनचं छिंग साम्राज्य आणि उत्तरेकडून, पश्चिमेकडून रशिया, अशा दोन सत्तांनी शंभरेक वर्षांत स्टेपच्या, म्हणजे या गवताळ मुलखाच्या, कडा बंद करत आणल्या. शेवटी त्यांतल्या एकीने हुकूम काढून, सैन्य पाठवून झुंगार समाज कापून काढला. घरातल्या भांडणाने हे केव्हा घडावं ते ठरवलं. ते का घडलं, याचं उत्तर त्या भांडणात सापडत नाही.

आधी ‘लुटारू टोळ्यां’बद्दल. झुंगार म्हणजे पश्चिमेकडचे मंगोल, ओइरातांची एक शाखा, धर्माने तिबेटी बौद्ध. १६४० साली ओइरात आणि खाल्खा, म्हणजे पूर्वेकडचे मंगोल, यांच्या सरदारांनी एकत्र बसून लेखी कायदा केला. करार मोडून कोणी दुसऱ्यावर चालून गेला तर बाकीच्यांनी मिळून त्याचा बंदोबस्त करायचा, असं त्यात ठरलं होतं. १६४८ मध्ये झाया पंडित या ओइरात भिक्षूने आपल्या भाषेसाठी नवी ‘स्पष्ट लिपी’ घडवली. (त्याच्या नावातला ‘पंडित’ आपलाच, संस्कृतातून तिबेटमार्गे तिथवर पोचलेला.) त्यांचा राजा एर्देनी बातुर रशियन वकिलांकडे काय मागत होता? डुकरं, कोंबड्या, सुतार, गवंडी, लोहार. पुढे झुंगारांच्या मुलखातल्या इली नदीच्या खोऱ्यात शेती व्हावी म्हणून काशगर-यारकंदकडचे शेतकरी आणून वसवले गेले. योहान गुस्ताफ रेनात हा स्वीडिश तोफखान्यातला माणूस १७०९ मध्ये पोल्तावाच्या लढाईत रशियनांच्या हाती लागला आणि १७१६ मध्ये सायबेरियात झुंगारांच्या. पुढची सतरा वर्षं तो त्यांच्याकडे होता आणि त्याने त्यांना तोफा ओतून दिल्या. उंटाच्या पाठीवरून डागायची हलकी तोफ त्यांच्या सैन्यात होती, मराठी कागदपत्रांत ‘जंबुरके’ म्हणून येते त्याच जातीची. रेनात १७३३ मध्ये सुटला तेव्हा त्याने सोबत नेलेले झुंगारियाचे नकाशे आजही स्वीडनमध्ये आहेत. कायदा, लिपी, शेती, तोफखाना, नकाशे हे सगळं जिथे आहे त्याला टोळी म्हणायचं, तर मग राज्य कशाला म्हणायचं?

समोर कझाक. तुर्की भाषा बोलणारे, मुसलमान, थोरला, मधला, धाकटा अशा तीन ‘झूझां’त, म्हणजे टोळीसंघांत, विभागलेले. त्यांच्या जांगीर सुलतानाने १६४३ मध्ये ओर्बुलाकच्या खिंडीत जेमतेम सहाशे माणसांनिशी एर्देनी बातुरचं प्रचंड सैन्य रोखून धरलं. काहींनी खिंडीत चर खणून बंदुका रोखल्या, बाकीचे डोंगराआड दबून राहिले, आणि तेवढ्या अवधीत समरकंदहून यालांगतुश बहादूरची कुमक येऊन पोचली. पावनखिंडीच्या सतरा वर्षं आधीची ही गोष्ट. कझाक मुलं ती त्याच अभिमानाने शिकतात.

भांडण कशावरून होतं? कुरणांवरून, हे सगळेच सांगतात. पण नेमकं दुखणं सीर दर्या नदीच्या काठी होतं. तुर्किस्तान, सायराम, ताश्कंद ही शहरं ज्याच्या हाती त्याला धान्य, कापड, लोखंड, जकात आणि कडाक्याच्या थंडीत तग धरणारे हिवाळी तळ. नुसत्या मांसावर आणि दुधावर राज्य चालत नाही, हे दोन्ही बाजूंना पुरतं कळत होतं. त्यात १७१६ पासून रशियाने इर्तिश नदीवर ओम्स्क, सेमिपालातिन्स्क, उस्त-कामेनोगोर्स्क अशी ठाणी एकापाठोपाठ एक बांधली. पूर्वेकडे छिंग फौजा हामी-तुर्फानपर्यंत आल्या. झुंगारांची जागा दोन्हीकडून आकसत होती. १७२२ च्या डिसेंबरात छिंगांचा कांगशी सम्राट वारला, पूर्वेकडचा दाब थोडा सैल झाला, आणि १७२३ च्या वसंतात झुंगारांचा राजा त्सेवांग राब्तान याचं घोडदळ पश्चिमेला कझाकांवर कोसळलं. एका आघाडीवर जागा गेली म्हणून दुसऱ्या आघाडीवर ती शोधणं, असाच याचा अर्थ मला लागतो.

तो वसंत कझाक आजही विसरलेले नाहीत. हिवाळा नुकताच सरत होता, गुरं हाडकलेली, उन्हाळी कुरणांकडे निघायची बांधाबांध चाललेली. तंबू, कळप, म्हातारी माणसं, सगळं मागे टाकून लोक समरकंद, बुखारा, खोजंदच्या दिशेने पायी सुटले. घोड्यावर जगणारी ही माणसं. त्यांच्या भाषेत त्या वर्षाचं नावच पडलं ‘अक्ताबान शुबिरिंदी’: चालून चालून तळपाय पांढरे पडेपर्यंत, एकामागे एक, रांगेने. हे झुंगारांनी केलं. झुंगारांची बाजू मांडताना मी हे पुसू इच्छित नाही. पुढे १७२६ मध्ये ओर्दाबासीला तिन्ही झूझांचे लोक जमले, धाकट्या झूझच्या अबुलखैर खानाला सेनापती केलं आणि १७३० च्या सुमारास अन्राकायला झुंगारांना हरवलं.

आता समोरच्या बाजूचे खरे मुद्दे, आणि ते हलके नाहीत. ओर्दाबासीची एकी झाली आणि विजय मिळाला. एकी टिकली नाही आणि वर्ष-दोन वर्षांत अबुलखैर रशियाच्या राणीकडे निष्ठेची शपथ घ्यायला तयार झाला. झुंगारांकडे पाहा. १६८८ मध्ये त्यांचा तेव्हाचा राजा गाल्दान खाल्खांवर चालून गेला आणि त्या १६४० च्या कायद्याच्या चिंधड्या उडाल्या. घाबरलेले खाल्खा कांगशीच्या आश्रयाला गेले. गाल्दान तिकडे गुंतलेला असताना सख्ख्या पुतण्याने, याच त्सेवांग राब्तानने, मागे घर बळकावलं. १६९६ मध्ये जाओ मोदोला गाल्दान छिंगांकडून हरला तेव्हा त्याला परतायला जागाच नव्हती. पुढे १७४५ मध्ये त्सेवांग राब्तानचा मुलगा आणि वारस गाल्दान त्सेरेन वारला आणि दहा वर्षं गादीसाठी रक्त सांडलं. एका मुलाला दुसऱ्याने आंधळं करून हटवलं, त्या दुसऱ्याला दावाची आणि अमुरसाना या सरदारांनी मिळून मारलं, मग दावाची आणि अमुरसाना एकमेकांवर उलटले. कझाकांचा सुलतान अब्लाय कधी याला आसरा देत होता, कधी त्याला. शेवटी १७५४ मध्ये अमुरसाना छिंगांच्या छियानलोंग सम्राटाकडे गेला आणि १७५५ मध्ये छिंग सैन्याच्या आघाडीला राहून त्यालाच इलीवर घेऊन आला. इली जवळजवळ लढाईशिवाय पडलं. एवढं सगळं समोर असताना ‘फितुरी’ हा शब्द कोणाच्या तोंडी येणार नाही?

तरीही मी अडते ती इथे. स्टेपवर ही भांडणं काही १७४५ ला सुरू झाली नव्हती. पुतण्याने काकाची गादी घेणं, हरलेल्याने शेजाऱ्याची फौज आणणं, हे तिथे दोन हजार वर्षं चालत आलं होतं. जे कायमच होतं, ते अचानक सर्वनाशाचं कारण कसं झालं? इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात शिओंग्नू या भटक्यांनी युएची या दुसऱ्या भटक्या लोकांचा इतका दारुण पराभव केला की त्यांच्या राजाच्या कवटीचा प्याला केल्याचं चिनी इतिहासकार लिहितात. युएची संपले का? ते पश्चिमेला सरकले, त्यांनी वाटेतल्या शकांना पुढे ढकललं आणि आमू दर्या नदीच्या काठी वसले. इसवी सनपूर्व १२८ च्या सुमारास चीनचा दूत झांग छियान सूड घेण्यासाठी हातमिळवणी करा म्हणून त्यांच्याकडे गेला, तेव्हा त्यांना त्यात रसच उरला नव्हता. जमीन सुपीक होती, आयुष्य नीट लागलं होतं. त्यांच्यातूनच कुशाण साम्राज्य उभं राहिलं. ढकलले गेलेले शक कुठवर आले ते नाशिकच्या पांडवलेण्यात जाऊन वाचता येतं. नहपानाचा जावई उषवदात याचे लेख तिथल्या दगडावर आहेत. बाराव्या शतकात चीनच्या उत्तरेचं लियाओ राज्य बुडालं तर त्याच्या राजघराण्यातला येलू दाशी उरलेले लोक घेऊन पश्चिमेला गेला आणि त्याने तिथे नवं राज्य थाटलं. खुद्द ओइरातांमधले तोरगूत १६३० च्या सुमारास घरच्या कटकटीला कंटाळून थेट व्होल्गाच्या काठी जाऊन राहिले.

स्टेपवर हरणं म्हणजे उठून दुसरीकडे जाणं. भटक्या समाजाचा तोच किल्ला होता. सह्याद्रीत हरलेली फौज जशी गडावर चढते, तसा तिथला माणूस तंबू गुंडाळून क्षितिजापलीकडे जातो. आणि अठराव्या शतकात नेमकी ही वाट बुजली. १६८९ चा नेर्चिन्स्कचा आणि १७२७ चा क्याख्ताचा, असे दोन तह रशिया आणि चीनने केले, सीमा आखल्या, आणि पळून येणाऱ्यांना परत करण्याची कलमं त्यांत घातली. इर्तिशवर ठाणी, चीनच्या वायव्येकडच्या गान्सू प्रांतापासून हामी-बार्कोलपर्यंत छिंगांची धान्याची कोठारं. पूर्वी चिनी फौज स्टेपमध्ये शिरली तर तीनेक महिन्यांत रसद संपून तिला मागे फिरावं लागे. आता ती वर्ष-वर्ष तळ ठोकू शकत होती. भांडण जुनंच होतं, त्याच्या भोवती कुंपण नवं आलं होतं.

एक वेगळी कसोटी लावून पाहू. भाऊबंदकीने राज्यं बुडतात असा नियमच असेल तर रशिया बुडायला हवा होता. १७२५ मध्ये पीटर वारला तेव्हापासून १७६२ मध्ये कॅथरीन गादीवर येईपर्यंत सहा राजे-राण्या झाल्या. १७४१ मध्ये तान्ह्या बाळाला गादीवरून उचलून कैदेत टाकलं. १७६२ मध्ये बायकोने नवऱ्याला पदच्युत केलं आणि काही दिवसांत त्याचा खून झाला. कांगशीने आपल्या युवराजाला दोनदा पदच्युत केलं; त्याच्यानंतर योंगझेंगने भाऊ कैदेत टाकले, त्यांतले दोघे कैदेतच मेले. झुंगारांच्या गादीवर याहून वेगळं काय चाललं होतं? फरक एवढाच की पीटर्सबर्गच्या राजवाड्यात खून झाला तरी सैबेरियातल्या ठाण्यावरचा कारकून दुसऱ्या दिवशी कर गोळा करत होता, आणि बीजिंगमध्ये सम्राट बदलला तरी गान्सूतलं धान्य गाड्यांत भरलं जात होतं. छिंगांची प्रजा वीस कोटींच्या घरात, झुंगार सुमारे सहा लाख. १७३१ मध्ये गाल्दान त्सेरेनच्या सैन्याने छिंगांची एक अख्खी फौज होतोन सरोवराजवळ चिरडली. तेव्हा झुंगारांत एकी होती, सेनापती उत्तम होता, विजय निर्विवाद होता. काय मिळालं त्यातून? १७३९ चा तह, सीमा अल्ताईवर, आणि पंधरा वर्षांची उसंत. छिंगांनी दुसरी फौज उभी केली. झुंगारांची एक फौज गेली असती तर दुसरी आणायला माणसं नव्हती.

आणि ‘आपसात’ म्हणजे कोणात? कझाक आणि झुंगार हे एका घरचे भाऊ कधी झाले? भाषा निराळी, धर्म निराळा, पूर्वजांच्या कथा निराळ्या. दोघे घोड्यावर बसतात आणि तंबूत राहतात म्हणून त्यांनी एकमेकांना आपलं मानायला हवं होतं, हा आग्रह आपला, अडीचशे वर्षांनंतरचा. फ्रेंच आणि जर्मन दोघेही गहू पेरतात म्हणून त्यांच्या युद्धांना आपण भाऊबंदकी म्हणत नाही.

पानिपताचा विषय त्या दिवशी निघालाच होता, म्हणून थोडक्यात. तिथेही कोण निघून गेला, कोणी पाठ दाखवली यावरच आपण दीडशे वर्षं बोलतोय. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली, आणि १४ जानेवारीला मराठे रणात उतरले ते उपाशी पोटी. धान्याच्या गाड्यांची गोष्ट सांगायला रंजक नसते, म्हणून ती मागे पडते.

बीजिंगच्या दरबारात कास्तील्योने हा इटालियन ख्रिस्ती मिशनरी-चित्रकार होता. पानिपतानंतर अब्दालीने छियानलोंगकडे वकील पाठवले, सोबत चार घोडे भेट दिले, ते घोडे १७६३ मध्ये यानेच रंगवले. त्याचं आणखी एक चित्र तैपेईच्या संग्रहालयात आहे. लांबट गुंडाळीवर पार्श्वभूमी जवळजवळ कोरी. एकच स्वार, घोडा चौखूर उधळलेला, हातात लांब भाला, पाठीला बंदूक, कमरेला बाणांचा भाता. हा आयुशी. १७५५ मध्ये जेमतेम पंचवीस स्वार घेऊन तो रात्री दावाचीच्या छावणीत घुसला आणि हजारोंची छावणी मोडली. हा आयुशी स्वतः झुंगार होता, छिंगांकडे आलेला. सम्राटाने त्याचा गौरव केला, चित्र काढवून घेतलं. विजेत्याला हीच गोष्ट हवी असते: पाहा, त्यांच्याच माणसाने त्यांना हरवलं. चिनी अधिकृत इतिहासात हे सगळं आजही ‘बंडाचा बंदोबस्त’ म्हणून येतं. सोव्हिएत काळात कझाकांना शिकवलं जाई की तुम्ही स्वेच्छेने रशियात आलात, नाहीतर झुंगारांनी तुम्हाला संपवलं असतं. आणि आपण इथे म्हणतो, भांडले म्हणून संपले. तिन्ही कथांत मारणारा बाजूला उभा राहतो आणि मेलेल्याकडे बोट दाखवलं जातं.

मारणारा कोण होता ते लिहिलेलं आहे. छियानलोंगने इलीत चार वेगळे खान नेमायचं ठरवलं, अमुरसानाला एकट्याने सगळ्यांचा खान व्हायचं होतं, त्याने बंड केलं. १७५७ मध्ये छिंग फौजा परत आल्या त्या सम्राटाच्या स्पष्ट हुकमाने: दया दाखवायची नाही. एकोणिसाव्या शतकातला छिंग इतिहासकार वेइ युआन हिशेब देतो की दहांतले चार देवीच्या साथीने गेले, दोन रशियात आणि कझाकांकडे पळाले, तीन सैन्याने मारले. अमुरसाना पळून रशियाच्या तोबोल्स्कला पोचला आणि तिथे देवीनेच मेला. बीजिंगला खात्री हवी होती, म्हणून रशियनांनी त्याचं प्रेत पार क्याख्ताच्या सीमेपर्यंत नेऊन छिंग अधिकाऱ्यांना दाखवलं. जिवंत असता तर जाऊ कुठे शकला असता? पुढे ‘झुंगार’ हे नावही पुसलं गेलं आणि तो मुलूख शिनजियांग, म्हणजे ‘नवी सरहद्द’, झाला.

कझाकांनी जिंकलं का मग? रिकाम्या कुरणांत त्यांचे कळप शिरले, अब्लायने छिंगांशी घोड्यांच्या बदल्यात रेशमाचा आणि कापडाचा व्यापार सुरू केला. पण १८२२ मध्ये रशियाने मधल्या झूझची खानकी रद्द केली, १८२४ मध्ये धाकट्या झूझची. अब्लायचा नातू केनेसारी दहा वर्षं लढला आणि १८४७ मध्ये मारला गेला. जो भांडणात हरला तो गेला आणि जो जिंकला तोही गेला. भांडण हेच कारण असेल तर जिंकणारा का गेला?

माझ्या विरोधातला सर्वांत कठीण पुरावा १७७१ चा आहे, आणि तो मी लपवणार नाही. व्होल्गाकाठी गेलेल्या त्या तोरगूतांवर रशियाचा जाच वाढत गेला, तेव्हा त्यांच्या उबाशी खानाने पूर्वजांच्या मुलखात परतायचं ठरवलं. जानेवारीत सुमारे १,७०,००० माणसं गुराढोरांसह निघाली. वाटेत कझाकांनी त्यांना घेरलं, लुटलं, मारलं, बायकामुलं धरून नेली. १७२३ च्या त्या पायपिटीचा सूड त्यात नक्की होता. इलीला सत्तर हजारांच्या आसपास माणसं पोचली. या क्रौर्याला माझ्याकडे सबब नाही. पण तोरगूत निघाले ते कझाकांमुळे नव्हे, व्होल्गावरच्या रशियन वसाहतींमुळे. आणि त्यांना इलीत जागा मिळाली ती छिंगांनी चौदा वर्षांपूर्वी ती रिकामी केली होती म्हणून. त्या हिवाळ्यात व्होल्गा नीट गोठली नव्हती. पश्चिम काठावरच्या लोकांना नदी ओलांडता आली नाही, ते तिथेच राहिले. त्यांचे वंशज आज रशियातल्या काल्मिकियात राहतात.